संकलित लोकसाहित्याच्या फाइलींची व्यवस्था : संगणकावरील काही अल्पपरिचित शॉर्टकट

प्रास्ताविक

लोकसाहित्याचे क्षेत्रीय संकलन कसे करावे, निवेदकाशी संवाद कसा साधावा आणि ध्वनिमुद्रणापूर्वी त्याची संमती कशी घ्यावी, याचा विचार आपण केला आहे. गावाहून परतल्यानंतर जमलेल्या सामग्रीचे काय करावे, हा प्रश्न मात्र बहुतेक प्रकल्पांत दुर्लक्षित राहतो. या घटकात आपण त्याच प्रश्नाकडे वळणार आहोत.

अंबड तालुक्यातील एका विद्यार्थिनीची कल्पना करा. तिने चार गावे फिरून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या आहेत. साठ-बासष्ट फाइली जमल्या आहेत आणि मोबाइलने त्यांना केवळ तारीख व क्रमांक अशी नावे दिली आहेत. घरी संगणक नाही. तासाच्या दराने पैसे घेणाऱ्या संगणक केंद्रात बसून तिला हे काम उरकायचे आहे, आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. ओव्या गाणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. गावात गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात पडून आहे आणि ओव्या आता त्यांच्या आठवणीतच उरल्या आहेत. यातील एखादी फाइल हरवली, तर ती पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून पुढील शॉर्टकटांचा विचार करताना वेळेची बचत आणि सामग्रीची सुरक्षितता या दोन्ही बाजू आपण लक्षात घेणार आहोत. हे शॉर्टकट विंडोज १० व ११ या प्रणालींवरचे आहेत.

नाव देणे

फाइल निवडून एफ-२ ही कळ दाबली की तिचे नाव बदलता येते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नवे नाव लिहून झाल्यावर एंटरऐवजी टॅब दाबावा, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. टॅब दाबताच नाव नोंदले जाते आणि पुढील फाइलचे नाव बदलण्यासाठी आपोआप खुले होते. शिफ्ट धरून टॅब दाबल्यास मागील फाइलकडे जाता येते. माउसला हात न लावता साठ फाइलींची नावे अशी ओळीने लिहिता येतात. हे काम करण्यापूर्वी फाइलींची मांडणी तारखेनुसार करून घ्यावी; नावानुसार मांडणी असल्यास नाव बदललेली फाइल यादीत दुसरीकडे जाते आणि क्रमाचा गोंधळ होतो.

एका बैठकीतील सर्व मुद्रणांना समान नाव द्यायचे असेल, तर पहिल्या फाइलवर क्लिक करावे, कंट्रोल-ए दाबून सर्व फाइली निवडाव्यात, एफ-२ दाबून नाव लिहावे आणि एंटर दाबावा. सर्वांना तेच नाव मिळते व पुढे कंसात अनुक्रमांक लागतो. क्रम बरोबर लागला आहे ना, हे एक-दोन फाइली ऐकून पडताळावे. चूक झाली असल्यास कंट्रोल-झेड दाबल्यावर जुने नाव परत येते. ही सोय केवळ लेखनासाठी आहे असा अनेकांचा समज असतो. फाइलींच्या खिडकीतही ती चालते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. शेवटची कृती नक्कल करण्याची असेल, तर कंट्रोल-झेडने ती नक्कल पुसली जाते. म्हणून आपण शेवटी काय केले, हे आठवूनच ही कळ दाबावी.

नाव कसे असावे, हा प्रश्न मात्र संगणकाचा नाही, तो अभ्यासकाचा आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी त्यातील बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज घनसावंगी तालुक्यात असले, तरी जुन्या ग्रंथांत त्याची नोंद अंबड तालुक्यात आढळते. औरंगाबादचेही आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. तेव्हा 'जालना ओव्या' एवढ्याच नावाने जतन केलेली फाइल वीस वर्षांनी कोणाला काय सांगणार? पिंपळगाव नावाची गावे तर मराठवाड्यात जागोजागी आहेत. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई म्हणायचे असेल, तर पूर्ण नावच लिहिले पाहिजे.

तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, उदाहरणार्थ, २०२५-०१-१२. नावानुसार लावलेली यादी मग आपोआप कालक्रमाने लागते. आपल्या नेहमीच्या पद्धतीने तिरप्या रेघा देऊन तारीख लिहू गेल्यास संगणक ती स्वीकारतच नाही, कारण तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, तारांकन, विसर्गासारखे दिसणारे दोन टिंबांचे चिन्ह इत्यादी चिन्हे फाइलच्या नावात चालत नाहीत. नावाच्या अखेरीस टिंबानंतर येणारी अक्षरे पुसू नयेत. ती पुसल्यास फाइल कोणत्या प्रकारची आहे हे संगणकाला कळत नाही आणि ती उघडेनाशी होते.

या बाबतीत ज्यांच्या कार्याकडे पाहावे, असे दोन अभ्यासक म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ. त्यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या संगणकावर आल्या आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या वाचता व ऐकता येतात. गाणारी कोण, गाव कोणते, विषय कोणता, हे प्रत्येक ओवीसोबत नोंदले गेले, म्हणूनच एवढा मोठा संग्रह अभ्यासाच्या उपयोगी पडतो. नोंदीविना तो नुसता ढीग ठरला असता.

हलवणे आणि नक्कल करणे

सर्वाधिक नुकसान या पायरीवर होते. माउसने ओढून फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली, तर काय घडते? दोन्ही जागा एकाच ड्राइव्हवर असतील तर फाइल हलते, म्हणजे मूळ जागी उरत नाही. जागा वेगवेगळ्या ड्राइव्हवर असतील, उदाहरणार्थ संगणकातून पेनड्राइव्हवर, तर तिची नक्कल होते. एकाच हालचालीचे असे दोन भिन्न परिणाम होतात, हे न कळल्याने विद्यार्थी गोंधळतात. ओढताना कंट्रोल धरल्यास नेहमी नक्कलच होते आणि शिफ्ट धरल्यास फाइल नेहमी हलते. हेही लक्षात राहत नसेल, तर माउसच्या उजव्या बटणाने फाइल ओढावी. बटण सोडताच नक्कल करायची की हलवायची, असे संगणकच विचारतो. नवशिक्यांनी उजवे बटणच वापरावे, असे माझे मत आहे. त्यात एक क्षण अधिक जातो, पण काय घडणार ते आधी कळते.

मोबाइलमधील मूळ फाइली कधीही 'कट' करू नयेत. त्यांची नक्कल करावी, ती संगणकावर ऐकून पाहावी आणि त्यानंतरच मूळ पुसण्याचा विचार करावा. संगणकातून पुसलेली फाइल सामान्यतः रिसायकल बिनमध्ये जाते व तेथून परत आणता येते. पेनड्राइव्ह किंवा केबलने जोडलेल्या मोबाइलवरून पुसलेली फाइल तेथे जात नाही. शिफ्ट धरून डिलीट दाबल्यासही तेच होते. हा शॉर्टकट जलद आहे खरा, पण संकलकाने तो वापरू नये.

फोल्डर व शोध

नवे फोल्डर कंट्रोल-शिफ्ट-एन या कळांनी तयार होते. आल्ट धरून वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली की बाहेरच्या फोल्डरमध्ये येता येते. निवडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ती कोणत्या ड्राइव्हवर कोणत्या फोल्डरात आहे हे, विंडोज ११ मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून उचलता येते. विंडोज १० मध्ये शिफ्ट धरून फाइलवर उजवे बटण दाबावे आणि 'कॉपी ॲज पाथ' हा पर्याय घ्यावा. प्रकल्पाच्या परिशिष्टात ध्वनिफितींची सूची देताना याचा फार उपयोग होतो.

विंडोज-व्ही या कळांनी यापूर्वी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी उघडते. प्रथम ती एकदा चालू करावी लागते. गाव, तालुका, गाणारीचे नाव असे वारंवार लागणारे शब्द तेथून हवे तेव्हा घेता येतात. सार्वजनिक केंद्रातून उठताना ती यादी रिकामी करावी, कारण निवेदकांचे दूरध्वनी क्रमांक तेथे राहू शकतात. त्यांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

शोधासाठी फाइलींच्या खिडकीत कंट्रोल-एफ दाबावे व गावाचे नाव लिहावे. येथे मराठीच्या विद्यार्थ्यांना एक जुनी अडचण भेडसावते. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. अशा फाइलमध्ये 'परतूर' हा शब्द दहा वेळा आला असला, तरी शोध घेतल्यावर एकदाही सापडत नाही. म्हणून ओव्यांचे लिप्यंतर आरंभापासूनच युनिकोडमध्ये करावे. विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून मराठी व इंग्रजी कळफलकांत अदलाबदल करता येते.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एका निवेदकाकडून पाच ओव्या, म्हणी किंवा उखाणे संमतीने मुद्रित करा. टॅब कळेचा वापर करून त्या फाइलींना गाव, तालुका, तारीख व विषय दर्शविणारी नावे द्या.

२. एक निरुपयोगी फाइल घेऊन ती डाव्या बटणाने, कंट्रोल धरून, शिफ्ट धरून आणि उजव्या बटणाने ओढून पाहा. प्रत्येक वेळी मूळ फाइलचे काय झाले ते लिहा.

३. आपल्या घरातील किंवा ग्रंथालयातील एखादी जुनी मराठी संगणकीय फाइल उघडा. तिच्यात शोध चालतो का ते तपासा आणि चालत नसल्यास त्याचे कारण स्पष्ट करा.