फोनवरचा डॉक्टर कोण, हे आधी विचारा

इंदापूरजवळच्या बावड्यातल्या एका बाईंना गर्भपाताच्या गोळ्या मिळवणं अजिबात जड गेलं नाही. नात्यातल्या एकीनं नंबर दिला, व्हॉट्सॲपवर बोलणं झालं, पैसे फोनवरूनच गेले आणि पाकीट कुरिअरनं घरपोच आलं. पलीकडच्या माणसानं एकच प्रश्न विचारला होता, "शेवटची पाळी कधी आली?"

त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. धाकटं लेकरू अंगावर पीत होतं आणि बाळंतपणानंतर पाळी सुरूच झाली नव्हती. मळमळायला लागलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की दिवस गेलेत. किती, ते कळायला मार्ग नव्हता. "घ्या, काही होत नाही," तो म्हणाला. खरं तर तपासणीशिवाय पुढे जायचं नाही, असं सांगायची वेळ नेमकी तीच होती.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "अंगावरून जायचं थांबेचना. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. तो नंबर लावला तर बंद. घरात सांगायची सोय नव्हती. शेवटी जावेला सांगितलं, तिनं नीरा नदीपलीकडं अकलूजला नेलं. सोनोग्राफीत कळलं की दिवस जास्त होते आणि आत राहिलंय. क्युरेटिन करावं लागलं, रक्त चढवलं. मी त्याला डॉक्टर डॉक्टर म्हणत होते, पण तो डॉक्टर होता का, हे मला आजही माहीत नाही."

बचत गटातल्या बायकांना त्या आता हे उघड सांगतात. त्यांचं सांगणं गोळीच्या विरोधात नाही आणि नसावंही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही जोडी योग्य दिवसांत, नीट माहिती घेऊन घेतली तर सुरक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिची नोंद आहे. भारतात तर बहुसंख्य गर्भपात गोळ्यांनीच होतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार 2015 साली देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. म्हणजे बावड्यात घडलं ते जगावेगळं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याची पायाभरणी ज्या समितीनं केली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. कायद्यात 2021 साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षीच्या नियमांनी गोळ्यांची मुदत सात आठवड्यांवरून नऊ आठवड्यांवर नेली. या गोळ्या डॉक्टर आपल्या दवाखान्यात देऊ शकतो, पण तो प्रशिक्षित ॲलोपॅथी डॉक्टर हवा आणि गुंतागुंत झाली तर पाठवायला मान्यताप्राप्त केंद्र त्याच्या हाताशी हवं. गावातले बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर कितीही जवळचे वाटले तरी त्यांना ही परवानगी नाही. अपात्र माणसानं गर्भपात केला तर दोन ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे.

फोनवरच्या वैद्यकीय सल्ल्यासाठी केंद्रानं 25 मार्च 2020 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. गर्भपाताच्या गोळ्यांसाठी त्यात वेगळा नियम नाही. एका कागदावर दवाखाना, दुसऱ्यावर फोन, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत कुरिअरवाले दुकानदार बसलेत. फोनवरून गोळ्या देण्याचा नियम सरकारनं स्पष्ट लिहायलाच हवा. इंग्लंडनं तो लिहिला. कोरोनाच्या काळात, मार्च 2020 मध्ये, दहा आठवड्यांपर्यंत फोनवर सल्ला देऊन गोळ्या घरी पाठवायला तिथे तात्पुरती मुभा मिळाली, आणि ऑगस्ट 2022 मध्ये ती कायमची झाली. तिथेही तारखेबद्दल शंका असेल किंवा गर्भ नळीत असल्याची लक्षणं दिसली तर बाईला तपासायला बोलावतात. अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत ओढाताण आहे: न्यूयॉर्क राज्य पोस्टानं गोळ्या पाठवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देतं, तर लुईझियानानं 2024 मध्ये याच गोळ्या नियंत्रित औषधांत टाकल्या.

आपल्याकडे नियम होईल तेव्हा होईल. तोवर बावड्याच्या या बाई बायकांना सांगतात, "आधी नाव विचारा, मग नोंदणी क्रमांक विचारा." 2020 च्या सूचनांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो. क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये. रात्री त्रास झाला तर कुठल्या दवाखान्यात जायचं, तेही आधीच विचारून ठेवावं.

पाळीची तारीख आठवत नसेल, तांबी बसवलेली असेल, रक्त कमी असेल किंवा पोटात एका बाजूला दुखत असेल, तर आधी तपासणी. गर्भ नळीत असला तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, चक्कर येतेय, ताप उतरत नाही किंवा अंगावरून काहीच गेलं नाही, तर घरात थांबू नये. 108 ला फोन करावा. डॉक्टरांना कोणत्या गोळ्या, कधी घेतल्या, ते खरं सांगावं, कारण उपचार त्यावर ठरतात.

फोनच्या वाटेला बायका जातात त्या बोभाट्याच्या भीतीनं. म्हणून हेही ठाऊक हवं की सज्ञान बाईला तिच्या एकटीच्या संमतीवर गर्भपात करून घेता येतो, नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सांगितलं. कायद्यानं ज्यांना माहिती मिळवण्याचा अधिकार आहे त्यांच्याखेरीज कुणाला डॉक्टरनं तिचं नाव सांगितलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. बावड्याहून इंदापूरला किंवा बारामतीला सरकारी उपजिल्हा रुग्णालयात जायला एसटी आहे, आणि स्त्रीरोग विभागात कोण कोणत्या दिवशी असतं, हे गावातल्या आशाताईंना विचारता येतं.