पेपरातला आकडा आणि आपले वावर

आता तुम्हाला वाचता येते. बाजारात गेलात की पेपर हाती घेता. मोठ्या अक्षरांतला मथळा वाचता. ही फार चांगली गोष्ट आहे. पण मथळ्यापाशी थांबू नका. मथळ्यात आकडा असला, तर मुळीच थांबू नका. का, ते सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. जून महिन्यात हवामान खात्याने अंदाज दिला. देशात सरासरीच्या ९८ टक्के पाऊस होईल, असा तो अंदाज होता. बातमी गावोगाव गेली. लोक समजले, यंदा पाऊस चांगला. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी पेरणी केली. पण पावसाने दडी मारली. पेरणी वाया जाऊ लागली. शेतकरी चिडले. जुलैमध्ये त्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

पुढे सप्टेंबर संपला. देशाच्या पावसाचा हिशेब झाला. तो भरला सरासरीच्या ९५ टक्के. अंदाजात ४ टक्के कमीजास्त होईल, हे खात्याने आधीच सांगितले होते. म्हणजे आकडा फारसा चुकला नव्हता.

इथे शेलूबाजारात एका शेतकऱ्याने मला विचारले, “गुरुजी, आकडा खरा होता, तं मंग वावर कोरडं काऊन?”

मी म्हणालो, “भाऊ, दोघे जेवायला बसले. एकाने चार भाकरी खाल्ल्या. दुसऱ्याला एकही मिळाली नाही. सरासरी किती?”

“दोन-दोन.”

“हिशेब बरोबर आहे. पण दुसऱ्याचे पोट भरले का?”

तो हसला. त्याला समजले. देशाची सरासरी भरली, तरी आपले वावर उपाशी राहू शकते. शिवाय तो आकडा जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचा होता. मधे वीस दिवस पाऊस नसेल, तर ते त्यात दिसत नाही. रोप मात्र वाळून जाते.

म्हणून आकडा दिसला, की तीन प्रश्न विचारा. आकडा कशाचा आहे? कोणत्या मुलखाचा आहे? किती दिवसांचा आहे? उत्तरे बहुधा खाली बारीक अक्षरांत असतात. तिथे नसतील, तर जाणत्या माणसाला विचारा. औषधाची बातमी असो की बाजारभावाची, हेच तीन प्रश्न कामी येतात.

पेरणी मथळ्यावर करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या. जमिनीत ओल खोल गेली का, ते हाताने पाहा. आपल्या जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज विचारा. मगच तिफण धरा. सोयाबीनचे बियाणे महाग आहे. दुबार पेरणीला पुन्हा पैसा लागतो, आणि तो कर्जातून येतो.

आता सांगा :
१. ९८ टक्के हा आकडा कोणत्या मुलखाचा होता?
२. तो किती महिन्यांचा होता?
३. आज पेपरातला एक आकडा शोधा. त्याला तीन प्रश्न विचारा.