रडकी आणि सोशिक

लातूरच्या ट्यूशन एरियाजवळ मी मुलींचं वसतिगृह चालवते. अकरावी-बारावीच्या मुली, शिवाय नीटच्या रिपीटर. पालक सोडायला येतात तेव्हा मी तब्येतीची चौकशी करते, आणि ठरलेली दोनच उत्तरं मिळतात. "मॅडम, ही जरा नाजूक आहे, सारखं काही ना काही दुखत असतं." नाहीतर, "हिचा काही ताप नाही बघा. मरायला टेकली तरी ब्र काढायची नाही." पहिलं सांगताना आईबाप ओशाळतात, दुसरं सांगताना त्यांची मान ताठ होते. मला दुसऱ्या मुलीची जास्त धास्ती वाटते.

नव्वदच्या दशकात मी स्वतः याच शहरात अकरावीला आले. खोलीत आम्ही चौघी, आणि त्यातली रडकी मी. चाचणीच्या आदल्या रात्री बेंबीभोवती पीळ पडायचा, सकाळी मळमळ व्हायची, दुपारपर्यंत सगळं गायब. रेक्टरबाई खोलीच्या दारातूनच म्हणायच्या, "आली वाटतं हिची परीक्षा." आजीनं बेंबीत हिंग लावायला सांगितलं, मावशीनं दृष्ट काढली, जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. काहीच निघालं नाही. त्या रिपोर्टनं सगळे निर्धास्त झाले. माझं दुखणं मात्र चालूच होतं, वर मी आता खोटारडीही ठरले होते.

समोरच्या कॉटवरची मैत्रीण माझ्या अगदी उलट. शेतकऱ्याची थोरली लेक, पहाटे उठणारी, कुणाकडे साधी पेन्सिलही न मागणारी. एके रात्री तिनं ताटावरून उठून भाकरी तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी क्लासला निघताना ती कठडा धरून, उजव्या कुशीवर हात दाबून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होती. विचारलं तर म्हणाली, "गॅस झाला असंल." पुढच्या दुपारी तिला जरा बरंही वाटलं, आणि संध्याकाळी ती तापानं फणफणली. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. जीव वाचला, पण ते वर्ष गेलं. दवाखान्यात तिच्या आईला सगळे सांगत होते, पोरगी किती सोशिक! ते कौतुक ऐकून मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. भूक मरते, चालताना, खोकताना कळ येते. फुटल्यावर आतला ताण सैल पडून थोडा वेळ आराम वाटू शकतो, आणि तिथंच माणूस फसतो. 'आता बरंय' हे शब्द अशा वेळी कुणाच्या तोंडून येताहेत तेही बघावं लागतं.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. त्यातला एक म्हणजे लवकर काळजीत पडणं, हळवेपणा, चिडचिड. त्याला न्यूरॉटिसिझम म्हणतात. हा पैलू ठळक असलेली मुलं डोकं, पोट, थकवा, चक्कर अशा तक्रारी जास्त करतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. डेव्हिड वॉटसन आणि जेम्स पेनेबेकर या अमेरिकी संशोधकांनी 1989 मध्ये मोठ्या माणसांबाबत असं मांडलं की या स्वभावाचा तक्रारींशी संबंध पक्का आहे, प्रत्यक्ष आजाराशी मात्र तो फारच क्षीण दिसतो. हे वाचून लगेच कुणी म्हणेल, बघा, नाटकच होतं. तसं नाही. धास्तीनं शरीरात ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल वाढतं, आतड्यांची चाल बदलते, मानेचे स्नायू आखडतात. काही मुलांच्या आतड्यांच्या नसा इतक्या हळव्या असतात की एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा ताण त्यांना कळ म्हणून जाणवतो. दुखतं ते खरंच दुखतं. शिवाय महिनोन्महिने पोट दुखलेलं पोर चिडकं होणारच. तेव्हा स्वभावामुळे दुखणं की दुखण्यामुळे असा स्वभाव, हे पाच मिनिटांत सांगून मोकळं होणाऱ्याचं मी तरी ऐकत नाही.

शिस्तीच्या मुलांची गोष्ट वेगळी. लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांची पाहणी सुरू केली होती. हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा लहानपणी जबाबदार, काटेकोर असलेली मुलं सरासरीनं जास्त जगल्याचं आढळलं. म्हणजे हा गुण चांगलाच. फक्त आपल्याकडे त्याला 'कुणाला त्रास द्यायचा नाही' याची जोड मिळते, मुलींच्या बाबतीत तर जरा जास्तच, आणि मग दुखणं झाकलं जातं.

तर मी काय करते ते सांगते. तक्रार करणारीचं पहिल्याच वेळी नीट ऐकते आणि डॉक्टरांकडे एकदा व्यवस्थित तपासणी करून घेते. वजन घटतंय, ताप येतोय, शौचातून रक्त जातंय, वारंवार उलट्या होताहेत, झोपेतून उठवणारी वेदना आहे, यातलं काहीही असेल तर स्वभावाची चर्चा तिथंच बंद. सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होत असेल किंवा दिसायला अंधूक होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी 1958 मध्ये हजार शाळकरी मुलं तपासली, त्यातल्या दर दहांपैकी एकाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता आणि बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नव्हता. वेदना बेंबीपासून जितकी दूर, तितकी आजाराची शंका जास्त, हा त्यांचा ठोकताळा. निदान त्यावर करू नये, कान टवकारायला तो पुरेसा आहे.

हिमोग्लोबिन मात्र सगळ्यांचंच बघायचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या. धाप, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, सगळंच त्यातून येऊ शकतं, आणि आपण म्हणतो पोरगी आळशी झाली. पाळीत इतकं दुखतं की क्लास बुडतो, हेही 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून सोडून देऊ नये.

तपासणीत काही निघालं नाही की खरी परीक्षा पालकांची. रोज रात्री फोनवर पहिला प्रश्न, "आज दुखलं का गं?" आई मायेनंच विचारते. अमेरिकेत लिन वॉकर यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी पाजलं. काही पालकांना सांगितलं, दुखण्याची विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय दुसरीकडे न्या. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्या तुलनेत विचारपुशीच्या गटातल्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, दुसऱ्या गटात निम्म्यावर आल्या. गंमत अशी की पालकांना विषय बदलणं मुलांना जाचेल असं वाटत होतं, मुलांना मात्र त्यानंच बरं वाटलं. म्हणून मी आयांना सांगते, दुखतंय म्हणाली तर एकदा ऐका, "हो, दुखत असेल" म्हणा, आणि मग म्हशीला रेडकू झालं का ते सांगा. क्लास बुडवू देऊ नका; अर्धा दिवस जमत असेल तर अर्धा दिवस बसू दे. आठ दिवस गावी नेलं की परत येताना बसमध्येच कळ सुरू होते, हे मी अनेकींचं पाहिलंय.

न सांगणारीला "बरी आहेस ना?" विचारून उपयोग नाही, 'हो' हेच उत्तर येणार. मी मेसच्या मावशींना विचारते, कुणाचं ताट परत आलं? जिन्यावरची चाल बघते. तिला विचारायचं तर "काल किती पोळ्या खाल्ल्यास, किती वाजता झोप लागली" असं मोजता येण्यासारखं विचारते.

मन फार खचलेलं वाटलं तर सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक किशोरवयीन मुलांसाठीच आहे, आणि टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. वेड्यांचा फोन आहे का हा, असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. मी त्यांच्यासमोरच स्पीकरवर लावून दिला.

ते वडील मुलीला तपासणीसाठी आणखी मोठ्या शहरात न्यायला निघाले होते. मी त्यांना अडवलं नाही, फक्त आधीचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावून पिशवीत घालून दिले. नव्या डॉक्टरपुढे सगळ्यात आधी ती पिशवी ठेवा आणि मग विचारा, यात नेमकं काय तपासायचं राहिलंय.