जागेचा जैवविविधता अभ्यास: खर्च किती, कशाचा आणि कधी

कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी पाच-दहा एकर घेऊन प्लॉट पाडायचे, रिसॉर्ट बांधायचं किंवा गृहप्रकल्प उभारायचा, तर वकिलाची फी, मोजणी, आर्किटेक्टचं मानधन हे खर्च सगळेच धरतात. त्या जागेवर कोणती झाडं, पक्षी, बेडूक, प्राणी आहेत हे पाहण्याचा खर्च मात्र क्वचितच कुणी धरतं. आराखड्याआधी हा अभ्यास केला तर तो थोडक्यात भागतो. जेसीबी फिरल्यावर केला तर पैसे जातातच आणि जे वाचवायचं तेही हाती राहत नाही.

आधी कागद तपासा

हा टप्पा सर्वांत स्वस्त. सातबारा आणि जुने फेरफार काढा. त्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 च्या नोटिशीचा उल्लेख दिसला, तर इसार देण्याआधी वकिलाला दाखवा. महाबळेश्वर-पाचगणी (2001) आणि माथेरान (2003) हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहेत. पश्चिम घाटातल्या अशाच क्षेत्राच्या 31 जुलै 2024 च्या मसुद्यात महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, ते बघा.

जमीन वन ठरली आणि ती वापरायला मंजुरी मिळालीच, तर वनाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी 9,57,780 ते 15,95,790 रुपये निव्वळ वर्तमान मूल्य भरावं लागतं. पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा.

एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. बांधकाम 1,50,000 चौरस मीटर किंवा क्षेत्र 50 हेक्टरच्या पुढे गेलं की तो टाउनशिप प्रकल्प. त्याचा अहवाल ‘नॅबेट’ मान्यताप्राप्त सल्लागाराकडूनच करून घ्यावा लागतो. 20,000 चौरस मीटरपेक्षा लहान प्रकल्पांना जैवविविधता अभ्यास बहुधा सक्तीचा नसतो, पण 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम तुमच्या मालकीच्या जमिनीवरही लागू असतो. बिबट्या, मोर, खवले मांजर हे अनुसूची 1 मधले प्राणी आहेत.

खर्च दिवसांवर ठरतो

या कामाचा सरकारी दर नाही. कोटेशन एकरावर मागू नका, माणसं आणि दिवस यांवर मागा. उदाहरणादाखल हिशेब करू. जागा 10 एकर, तज्ज्ञ तीन: वनस्पती, पक्षी-सस्तन प्राणी, बेडूक-सरीसृप. दर माणशी दिवसाला 5,000 रुपये धरला आहे. प्रत्यक्ष दर अनुभवाप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे बदलेल.

एका हंगामाचा अभ्यास: जागेवर 2 दिवस म्हणजे 6 मनुष्यदिवस, अहवालाचे 3. एकूण 9 दिवसांचे 45,000, प्रवास-मुक्काम 15,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 10,800. बेरीज 70,800 रुपये.

तीन हंगामांचा अभ्यास: उन्हाळ्यात 2, पावसाळ्यात 3, हिवाळ्यात 2 असे 7 दिवस, म्हणजे 21 मनुष्यदिवस, अहवालाचे 6. एकूण 27 दिवसांचे 1,35,000, प्रवास-मुक्काम 45,000, जीएसटी 32,400. बेरीज 2,12,400 रुपये. दहा एकर म्हणजे 400 गुंठे. गुंठ्याला 531 रुपये पडले.

पावसाळ्याचे दिवस का कापू नयेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा एप्रिलमध्ये पाहा. काळा, तापलेला कातळ, सातबाऱ्यावर पोटखराब. त्या महिन्यात आलेला सल्लागार ‘उल्लेखनीय वनस्पती नाहीत’ असं लिहून मोकळा होतो. जूनमध्ये त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि बेडूक अंडी घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात. ही इवलीशी जांभळी-निळी वनस्पती कीटक खाऊन जगते. सुटा दगड हलकेच उचलला तर खाली पाल किंवा विंचू सापडतो. मोठ्या प्रकल्पांसाठीही नियमाने किमान एका हंगामाची माहिती लागते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. म्हणजे नियम पाळूनही सड्यावरचं निम्मं जग कागदावर येतच नाही. पावसाळी दिवस तुम्ही स्वतः मागून घ्यायचे.

अहवाल हातात आल्यावर

संरक्षणाचे सर्वांत परिणामकारक उपाय फार महाग नसतात. ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी आराखड्यातून वगळा. ढोली असलेली जुनी झाडं ठेवा. धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. विहिरीला कठडा बांधा, कारण उघड्या विहिरीत बिबटे पडतात. कुंपणाखालून लहान प्राण्यांना वाट ठेवा, दिव्यांची तोंडं खाली करा. सपाटीकरण पावसाच्या तोंडावर सुरू करू नका. कामात साप किंवा जखमी प्राणी आढळला तर मजुरांना हात लावू देऊ नका. वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

झाडं तोडण्याची किंमतही आधीच काढा. महापालिका-नगरपालिका हद्दीत 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जितकं वय, तितकी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांच्या एका आंब्यासाठी 60 झाडं आणि त्यांना लागणारी जागा. त्यापेक्षा रस्ता चार मीटर सरकवणं कितीतरी सोपं.

पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न

1. जागेवर प्रत्यक्ष कोण येणार, किती दिवस, कोणत्या महिन्यांत?
2. रात्रीची फेरी आहे का? बेडूक, वटवाघळं, घुबडं दिवसा मिळत नाहीत.
3. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि जीपीएस स्थान असेल का?
4. प्रजातींची अनुसूची आणि नकाशावरची जागा दाखवाल का?
5. आराखड्यात नेमकं काय बदलायचं, हे आर्किटेक्टसोबत बसून सांगाल का?

पाचव्या प्रश्नाचे पैसे वेगळे लागले तरी द्या. नोंदींना तारखा नसतील किंवा यादीत तुमच्या भागात न आढळणारी प्रजाती असेल, तर तो अहवाल दुसरीकडून उचललेला असण्याची शक्यता मोठी. शेवटचा हप्ता रोखा. करारातच तो किमान तीस टक्के ठेवा आणि कच्च्या नोंदी व फोटो मिळाल्यावरच द्या.

या कामाचं वेळापत्रक पावसाशी बांधलेलं आहे. मार्चमध्ये व्यवहार झाला असेल तर आराखडा ऑक्टोबरपर्यंत थांबवा. एक पावसाळा पाहून आखलेला रस्ता आणि न पाहता आखलेला रस्ता यांचा बांधकाम खर्च साधारण सारखाच येतो. पहिल्यात मात्र तिथल्या जीवांना जागा उरते.