लष्करी बूट आणि धावणाऱ्याचे पाय

बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ सालापासून आहे. तेव्हा मच्छे व आसपासच्या खेड्यांतील मुलांस सैन्यभरतीची ओढ वाटावी, यात नवल नाही. भरतीच्या चाचणीत १.६ किलोमीटर धावावे लागते. म्हणून पहाटे कित्येक मुले सडकेवर सराव करितात. त्यांतील काही जण बाजारातून जुने लष्करी बूट आणून ते घालूनच धावतात. ‘पुढे बूटच घालावयाचे आहेत, तर सवय आतापासून का नको?’ असे ते म्हणतात. हा युक्तिवाद कितपत खरा आहे, ते आपण पाहू.

प्रथम थोडे गणित करू. धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. मुलाचे वजन ५० किलो व भार अडीच पट धरल्यास तो १२५ किलो होतो. एक मीटरचे एक पाऊल मानले, तर १.६ किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय ८०० वेळा जमिनीवर आदळतो. या भारांची बेरीज एक लक्ष किलो, म्हणजे १०० टन होते! त्यातच बूट जड, त्याचा तळ ताठ आणि खाली डांबरी सडक असली, म्हणजे पायांस किती सोसावे लागते, याची कल्पना येईल.

याचे परिणाम पायरीपायरीने दिसतात. ताठ चामडे घासून टाचेस व बोटांस फोड येतात. टाचेमागील जाड शीर सुजते. नडगीच्या आतल्या कडेस ठणका लागतो. याहून गंभीर इजा म्हणजे हाडास पडणारी सूक्ष्म चीर होय. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली, लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन केले. त्याचे कारण मात्र क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर, १८९७ साली उघड झाले: पावलातील लांब हाडे चिरलेली होती.

एकाही मोठ्या आघातावाचून हाड चिरते कसे? हाड ही सजीव वस्तू आहे. नवा भार पडू लागला, की शरीर जुना भाग प्रथम झिजवून काढते व मग तेथे नवा, बळकट भाग बांधते. काढणे लवकर होते, बांधण्यास मात्र अनेक आठवडे लागतात. या मधल्या काळात हाड दुबळे असते. तेव्हाच हट्टाने धावले, तर चीर पडते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली अभ्यासात, १४ आठवड्यांच्या शिक्षणकाळात २९५ पैकी ३१ टक्के रंगरुटांस अशी इजा झाल्याचे आढळले.

मग सारा दोष बुटांचाच काय? तसेही नाही. १९९२ सालच्या दुसऱ्या इस्रायली अभ्यासात काही रंगरुटांस बास्केटबॉलचे बूट दिले होते. त्यांच्या पावलांच्या इजा घटल्या. परंतु सर्व इजांची एकूण संख्या घटली नाही. तात्पर्य, पादत्राण महत्त्वाचे आहेच, पण श्रमाची वाढ क्रमाक्रमाने होणे त्याहून महत्त्वाचे आहे.

म्हणून सराव करणाऱ्यांनी पुढील नियम पाळावेत. धावण्यासाठी हलके बूट वापरावेत. लष्करी बुटांची सवय करावयाचीच असेल, तर ते घालून केवळ चालावे. बूट सायंकाळी, मोजे घालून निवडावेत. कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. डांबरी सडकेऐवजी मातीचे मैदान बरे. अंतर थोडे थोडे वाढवावे व आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. आहारात दूध, नाचणी, बारीक मासळी असावी.

हाडावर बोट टेकताच एकाच जागी कळ आली, अथवा विश्रांतीतही दुखू लागले, तर धावणे तत्काळ थांबवून डॉक्टरांस दाखवावे. तेथे चोळू नये. आरंभीचे दोन-तीन आठवडे क्ष-किरणांच्या चित्रात चीर दिसेलच असे नाही. म्हणून चित्र निर्दोष आले, तरी दुखणे खोटे मानू नये.

अशी चीर भरून येण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्लक्ष केल्यास हाड पूर्ण मोडू शकते. भरतीस वयाची मर्यादा असते व गेलेली संधी पुन्हा येईलच असे नाही. ‘वेदना सोसतो तोच खरा शिपाई’, असे मुलांस सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. दुखणे वेळीच सांगणे हा भित्रेपणा नव्हे. ज्या पायांवर उद्या देशाचा भार घ्यावयाचा, त्यांची राखण करणे हेही शिपाईपणाचेच अंग आहे, असे आम्हांस वाटते.