घरची बोली आणि पाठाची भाषा

भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुले, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील वारली व ठाकूर मुले, तसेच कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून मराठी शाळेत येणारी हिंदी भाषक मुले, या सर्वांची अडचण एकच असते. घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी. असे मूल वर्गात गप्प बसते व 'मंद' ठरते. पुढे ते शाळेसच अंतरते.

एक उदाहरण पाहावे. 'टोपलीत ४२ आंबे होते. त्यांपैकी १७ विकले, तर किती शिल्लक राहिले?' येथे मूल अडते. तेच ४२ चिंचोके पुढे ठेवून १७ बाजूस काढावयास सांगितले, की उरलेले २५ ते बिनचूक मोजून दाखविते. अर्थात अडचण वजाबाकीची नसून 'त्यांपैकी' आणि 'शिल्लक' या शब्दांची असते.

दुसरीही एक गफलत होते. मैदानावर मूल मराठी सफाईने बोलू लागले, की त्यास भाषा आली असे आपण मानतो. बोलचालीची भाषा व पाठाची भाषा यांतील हा भेद कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीस पाच ते सात वर्षेही लागतात. म्हणून चौथीतील मुलासही साहाय्य हवे असते.

यासाठी शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पाठापूर्वी त्यातील पाच-सहा अवघड शब्द निवडून वस्तू, चित्र वा कृतीने स्पष्ट करावेत.

२. उत्तर प्रथम घरच्या बोलीत देऊ द्यावे; मग तेच मराठीत म्हणवून घ्यावे. बोलीस हसू नये, हसू देऊ नये.

३. समान बोलीच्या दोन मुलांस शेजारी बसवावे.

४. तपासताना भाषेची चूक व विषयाची चूक निरनिराळी नोंदवावी.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या परिसरातील वस्तू हेच शिक्षणाचे साधन केले. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याचे तत्त्व आहे.

मूल गप्प बसले, तर त्यास येत नाही असे ठरविण्यापूर्वी प्रश्न समजला काय, हे आधी पाहावे.