आधी शिष्य, मग गुरुजी

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. पूर्वी तेथे इंग्रजांचे राज्य होते आणि त्या मुलुखास ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सोन्याचा किनारा, असे म्हणत. 6 मार्च 1957 रोजी तो स्वतंत्र झाला. देशातील प्रत्येक मूल शिकले पाहिजे, या निश्चयाने तेथील सरकारने 1961 साली शिक्षण मोफत व सक्तीचे करणारा कायदा केला. शाळा वाढू लागल्या. परंतु एवढे शिक्षक आणावयाचे कोठून?

त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ‘पीस कोअर’ ही संस्था स्थापन केली होती. परदेशी जावयाचे, निर्वाहापुरता पैसा घ्यावयाचा आणि दोन वर्षे तेथील लोकांत राहून सेवा करावयाची, अशी तिची रीत. या संस्थेची तुकडी 30 ऑगस्ट 1961 रोजी घानाची राजधानी अक्रा येथे विमानातून उतरली. तीत सुमारे 50 तरुण-तरुणी होते आणि ते शिकविण्यासाठी आले होते. ट्वी या तेथील भाषेत गीत गाऊन त्यांनी यजमानांना अभिवादन केले.

गीत पाठ करणे सोपे. गावात रुजणे कठीण. पुढे या संस्थेच्या अनेक शिक्षकांच्या वाट्याला दूरची खेडी आली. ट्वी बोलणाऱ्या अकान लोकांच्या घरी पाहुणा आला, की आधी त्याला बसावयास देतात, मग पाणी देतात आणि त्यानंतरच येण्याचे कारण विचारतात. आपल्याकडील गूळपाण्यासारखीच ही चाल. कोणतीही वस्तू उजव्या हाताने द्यावयाची; डावा हात पुढे केला तर तो अपमान ठरतो. गावच्या प्रमुखाशी थेट बोलावयाचे नाही. त्याच्याजवळ दंड धारण करणारा ‘ओक्येआमे’ नावाचा मानकरी असतो. बोलणे त्याच्यामार्फत चालते. जेवणात ‘फुफू’ असतो. कसावाचे कंद व भाजीची केळी उकडून, उखळात कुटून त्याचा मऊ गोळा करतात. तो रश्शात बुडवून न चावता गिळावयाचा असतो! हे सारे नव्या गुरुजींना शिकविणार कोण? शेजारीपाजारी आणि वर्गातील मुलेच.

अकान मुलाला जन्मवारावरून नाव मिळते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांची नावे अशीच आहेत. गावात राहावयास आलेल्या पाहुण्यालाही लोक त्याच्या वाराचे नाव देतात. त्या नावाने हाक आली, की परकेपणा निम्मा सरतो.

उरलेला निम्मा वर्गात सरावा लागतो. शाळेत इंग्रजी चाले. पण मुलांच्या कानांना अमेरिकन उच्चार नवखा होता. गुरुजी भरभर बोलले तर फळा भरे, परंतु मुलांच्या डोक्यात काही उतरत नसे. उशिरा आलेल्या मुलाला आळशी म्हणणे सोपे असते. परंतु पहाटेपासून तो घरचे पाणी भरीत होता किंवा शेतावर राबत होता, हे त्याच्या घरी गेल्यावाचून कळत नाही. ज्याने ते घर पाहिले नाही, त्याच्या रागाने मूल शाळेलाच दुरावते.

दोन वर्षे सरली, की असा शिक्षक मायदेशी परतणार, हे गावाला आणि त्यालाही ठाऊक असे. शाळेचा खरा भार घानातील शिक्षकांवरच होता व पुढेही राहावयाचा होता. पाहुण्याचे काम एवढेच, की त्याच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कोणी उद्या स्वतः फळ्यासमोर उभे राहावे. ज्ञान देण्यासाठी सागर ओलांडून आलेल्याने आधी त्या गावाचा शिष्य व्हावे लागते. नाहीतर त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते.

स्वाध्याय
1. घानाला बाहेरच्या शिक्षकांची गरज का भासली?
2. अकान लोकांच्या कोणत्या चाली आपल्या चालींशी जुळतात?
3. ‘आधी शिष्य, मग गुरुजी’ हे शीर्षक योग्य का आहे, ते पाच ओळींत लिहा.